चौधरीकाकांचं ‘हात पीछे!’

आमच्या लोधीपुऱ्यात चौधरीकाकांकडे पाणी मागितलं, तर काका नुसतं माठाकडे बोट दाखवतात. "तुले हात आहेत ना?" पाहुणा जावई असो की बँकेचा मॅनेजर, पेला त्यानेच बुडवायचा. चहा हवा असेल तर गॅस पेटवण्यापासून तयारी ठेवायची. एका लग्नात नवरीने नवरदेवाला जिलेबी भरवायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात पीछे! जमेल त्याले!" फोटोग्राफरसुद्धा दचकून मागे सरकला.

काका कागद कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. काकांनी ओट्यावर केळीच्या वेफर्सची कढई मांडली. कामाला घेतली ती आसपासची तरुण मुलंमुली, ज्यांना घरच्यांनी ‘तुला नाही जमायचं’ म्हणून बसवून ठेवलं होतं. शबनमचा एकच हात चालतो. काकांनी तिला फळीला खिळे ठोकून दिले. खिळ्यावर केळं रोवायचं आणि एका हाताने सोलायचं. मी एकदा कळवळून मदतीला वाकलो, तर काका ओरडायच्या आधी तीच म्हणाली, "भाईजान, मदतच करायची तर ते घड उतरवा. मोठे जड आहेत." उतरवले. दोन दिवस कंबर धरून बसलो होतो.

या वेडामागे काकांचा धाकटा भाऊ आहे. त्यांची आई त्याला चाळिशीपर्यंत हाताने भरवत होती. ती गेल्यावर तो भरल्या ताटासमोर कुणी येईल म्हणून बसून राहायचा. "लाडातच पांगळा केला आम्ही त्याले," असं काका एकदाच बोलले. तो भाऊ पुढे फार टिकला नाही.

आणि याच मुलांतला गोलू. वय बावीस. हॉर्न वाजला की कान झाकतो, कुणी अंगाला हात लावलेला त्याला सहन होत नाही. मग त्याला शनवाऱ्याच्या चौकातला गजबजलेला रस्ता ओलांडायला शिकवायचं कसं? काकांनी खांद्यावरचा गमछा काढला. एक टोक गोलूच्या मुठीत, दुसरं काकांच्या. ही वरात कित्येक महिने चालली. रिक्षावाले ओरडायचे, "चाचा, फेरे हो गए क्या?" हळूहळू गमछा सैल पडला, मग गोलूने टोक सोडलं, आणि काका हात पाठीशी बांधून मागून चालू लागले.

मग गोलूला नदीपलीकडे जैनाबादच्या शेडमध्ये केळी भरायचं काम मिळालं. मालकाने बजावलं होतं, ज्याला पोचवायला माणूस लागतो असा गडी नको. म्हणजे शनवारा एकट्याने ओलांडायचा, ऑटो एकट्याने पकडायचा. नाहीतर पुन्हा घरी. पहिल्या दिवशी गोलूची आई रडकुंडीला आली. "काका, आज तरी मी जाते सोबत."

"हात पीछे, ताई. जमेल त्याले."

गोलू गेला. काकांनी पहिली कढई जाळली आणि दुसरीत मीठ घातलं ते घालतच राहिले. शेवटी शबनमने झारा काढून घेतला. "काका, आता तुम्हीच हात पीछे!"

संध्याकाळी मला घेऊन काका शनवाऱ्यावर जाऊन उभे राहिले. हात पाठीशी बांधलेले.

"शिकले की जातात रे पोरं," ते म्हणाले. "जायलाच पायजे. पण मग घरात माठ आणि मी. बोट दाखवायले बी कोणी नाही."



ऑटो आला आणि रस्त्याच्या पलीकडे थांबला. येणारा ऑटो घराच्या बाजूला थांबतो, हे गोलूला शंभरदा शिकवणारे काकाच विसरले होते. सकाळी गोलूने रस्ता ओलांडून जिथे ऑटो पकडला, तिथेच ते उभे होते. गोलू उतरला. त्याने आम्हाला पाहिलं. कान झाकले. मग हात खाली घेतले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सरळ रस्ता ओलांडून आला.

काकांना समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे इतके भरले होते. मी त्यांचा कोपर धरायला गेलो.

"हात पीछे!" गोलू माझ्यावर ओरडला.

त्याने काकांच्या खांद्यावरून गमछा ओढला, एक टोक स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं आणि दुसरं त्यांच्यापुढे केलं. "चला काका. पहिले इकडे बघा."

काकांनी इकडे बघितलं, आणि मुकाट्याने टोक धरलं.