साडेतेवीस किलोचं पोतं

बाळारामने मला फसवलं. आमचा ठरलेला सौदा त्याने मला न विचारता मोडला. धसईच्या बाजारात डोक्यावरच्या पाटीपासून सुरुवात करून मी भाताचा व्यापार उभा केला. घासाघीस करीन, आवाज चढवीन, पण ठरल्यावर शब्द फिरवत नाही. बाळारामने फिरवला.

सध्या त्याला सोमवार-मंगळवार उरलेले नाहीत. एक दिवस चालीचा, एक दिवस उचलीचा. कुणी लग्नाची पत्रिका दिली की विचारतो, "लगीन चालीला हाय का उचलीला?" चालीला हा हात झुलवत मुरबाडच्या रस्त्याला लागतो. उचलीला पडवीत वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन उठबशा काढतो. तिसऱ्या दिवशी दोन्ही एकदम: पोतं खांद्यावर घेऊन नदीपर्यंत जातो. मध्ये पिंपळापाशी एकदाच थांबतो. पोटाचं ऑपरेशन करून वजन उतरवल्यावर कल्याणच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, नुसतं चाललात तर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाईल, नुसतं उचललंत तर दम वाढणार नाही, दोन्ही जमवा. ते वाक्य तो अंगाऱ्यासारखं जपतो.

हाच बाळाराम एकेकाळी खळ्यावरून भाताची दोन पोती दोन काखांत मारून आणायचा. पंगतीत वाढपी त्याच्यासमोरून हलतच नसत. मी शेजारी बसून माझी जिलबी त्याच्या पानात सरकवायचो. आता तो खिशातून उकडलेलं अंडं काढतो, मग वाटीभर भात पाऊण तास चावत बसतो. जेवताना पाणी नाही, गप्पा नाहीत. माझी जिलबी माझ्याच पानात राहते. त्याचाही राग आहेच.

तर सौदा. त्याचं वजन एकशेचाळीसला पोचलं तेव्हा तो म्हणाला होता, "काश्या, मी आदी जानार. तू खांदा दे." तो म्हणत होता चार माणसं पुरतील, मी म्हटलं आठ लागतील. शेवटी सहावर ठरलं. हसलो, चहा प्यालो, विषय संपला.

मग दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीतले तुकाराममामा गेले. आमच्या लहानपणी खांदा द्यायला माणसं एकमेकांना ढकलायची, दहा पावलं झाली की दुसरा खांदा पुढे यायचा. आता पोरं भिवंडीच्या गोदामांत नाहीतर कल्याणला. वेळेवर हजर आम्ही चार म्हातारे. नदीवरच्या स्मशानाच्या वाटेत माझा गुडघा वाकला. पिंपळापाशी विसाव्याला एकदाच ठेवायची तिरडी आम्ही तीनदा खाली ठेवली. पाचवा बाळाराम मोकळ्या खांद्याने मागून येत होता, त्याचा दम ओढ्यावरच्या मोरीपाशीच संपला. परतताना तो मोरीच्या कठड्यावर बसलेला दिसला. मी हात धरून उठवलं. घरापर्यंत त्याने एकही थट्टा केली नाही. त्याच आठवड्यात त्याने कल्याणला ऑपरेशनच्या तपासण्या सुरू केल्या.

तेव्हापासून दर आठवडी बाजाराला तो वजन करायला माझ्या दुकानात येतो. आणि दर वेळी म्हणतो, "काटा बरोबर हाय का बगू. आदी तू चड." इतक्या वर्षांत माझ्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी तणतणत चढायचो, आकडा बाजाराला ऐकू जाईल असा वाचायचो. तो मान डोलवायचा.

मध्यंतरी त्याच्या घरी गेलो आणि ते पोतं सहज उचललं. पोत्याचं वजन माझ्या हाताला कळतं.

"साडेतेवीस," मी म्हटलं. "हा कुठला आकडा? वीस नाही, पंचवीस नाही. डॉक्टरांनी सांगितला का?"

बाळाराम पोत्याचं तोंड पुन्हा पुन्हा बांधत राहिला. आतून यमुनावहिनी म्हणाल्या, "सांगून टाका ना भावजींना."

"तू चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "बांबू नि बाकीचं धा. भागिले चार."

मी बोटांवर हिशेब केला. बरोबर होता.

"त्या दिशी तुजा गुडगा वाकला नि मी कठड्यावर बसलेलो. खांद्याला जोर नवता, नि नदीपतूर जायला दम नवता. पोरं येवोत, नाय येवोत, तुजा एक कोपरा माजा. तीनदा नाय ठेवनार तुला. इसाव्याला एकदाच."

मी उठलो आणि तोंडाला येईल ते बोललो. आधी कोण जाणार हे ठरलेलं होतं. वहिनींनी पुढे केलेला चहा तसाच ठेवून निघालो.

दोन बाजार मी काट्यावर चढलो नाही. तिसऱ्या बाजाराला तो नुसता उभा राहिला, म्हणून चढलो. शहाऐंशी. त्याने मान डोलवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या पडवीवरून जाताना मी पोतं उचलून पाहिलं.

चोवीस.

हिशेबात पाव किलोची चूक नाही, म्हणजे भांडायलाही जागा ठेवली नाही. पण बाळाराम, सौदा दोघांचा होता. तू आधी, मी नंतर. तो तू एकट्याने उलटा कसा केलास? माझं वजन चोरून घेतलंस, माझ्याच काट्यावर. आणि तुझ्यासाठी राखलेला हा माझा खांदा, हा मी आता कुणाला देऊ? चालीचा दिवस असो नाहीतर उचलीचा, येत्या बाजाराला माझ्या काट्यापाशी ये आणि सगळ्यांदेखत याचा जाब दे.