तिसऱ्या चाकाला थेंब कमी

माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याला स्क्रूड्रायव्हर लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

सासरे आठ दिवस राहायला आले होते. व्हरांड्यात पाय पसरून पेपर वाचत होते. शेजारच्या क्वार्टरमधून गायधनी आले, राम राम केला, आणि सासरे खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणाले एवढं निमित्त झालं. गायधनींनी मागच्या खिशातून दीड वितीचा, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला. टोक ठेवलं सासऱ्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर, मूठ दाबली आपल्या कानामागच्या हाडावर आणि डोळे मिटले. "पाय हलवा. सावकाश." सासरे घाबरून हलवू लागले. "डावी वाटी गेली," गायधनी म्हणाले, "वंगण संपलंय."

सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाशिकरोडला नेऊन एक्स-रे काढला, तर डॉक्टरांनी हेच इंग्रजीत सांगितलं. तेव्हापासून सासऱ्यांच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ ठरलेली: 'तुमच्या त्या गायधनी डॉक्टरांना नमस्कार.'

विष्णू गायधनी डॉक्टर नव्हते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनचे फिटर होते. मूळचे सायखेड्याचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. एकटा जीव सदाशिव. मी तिथेच स्टोअरमध्ये, म्हणजे बेअरिंग देणारा मी आणि नेणारे ते. पण यांना बेअरिंग देणं म्हणजे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. पाच मांडायची, पाचही ते बोटावर फिरवणार, चार नाकारणार. "साहेबांची सही आहे हो कागदावर," मी चिडून म्हणायचो. "सही बाहेरून हाय, थेटे सायेब," ते म्हणायचे. "आत काय म्हणतंय ते विचारू."

'आत विचारू' हा त्यांचा मंत्र. दूधवाल्याची फटफटी, आमच्या हिचा मिक्सर, लग्नातला जनरेटर, सगळ्यांना ते आत विचारायचे. एकदा भर बाजारात कलिंगडाला विचारलं. कलिंगड लालभडक निघालं, हे मला कबूल करावंच लागेल.

बाकीच्या तऱ्हाही काही कमी नव्हत्या. टीव्हीवर क्रिकेट बघायचे ते आवाज पार बंद करून. "दिसतंय की सगळं. ते बोलणारे मधी कशाला?" दाराची बेल कितीही बडवा, उघडायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "बेल वाजवणारा घाईत असतो. घाईतल्या माणसाशी काय बोलायचं?" साहेबांनी दोनदा त्यांना बढती देऊ केली, टेबलखुर्ची, वर टेलिफोन. दोन्ही वेळा यांनी हात जोडले. "मला यंत्राजवळच ऱ्हाऊ द्या. फोनवर माणसं लय खोटं बोलतात." मी कॉलनीत सगळ्यांना सांगायचो, गायधनी म्हणजे पोहोचलेला माणूस, साधूच म्हणा. पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि हेच सांगत राहिलो. माझी अक्कल किती, ते पुढे कळेलच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कॉलनीच्या शाळेत देवरे सर नावाचे खेळाचे मास्तर आले आणि त्यांनी इनलाइन हॉकी काढली. म्हणजे बुटाखाली एका रेषेत चार चाकं, हातात काठी, आणि चेंडूऐवजी चपटी रबरी चकती, तिला पक म्हणायचं. बॅडमिंटनच्या जुन्या सिमेंटच्या कोर्टावर आठ मुली गोळा झाल्या. त्यात आमची मनीषा, वय वर्षं अकरा. "दात पडले तर हिच्याशी लग्न कोण करील?" आमची ही म्हणाली. मनीषा म्हणाली, "मग हॉकीच खेळीन." वाद तिथेच संपला.

गायधनी पहिल्या दिवशी नुसते बघायला गेले आणि तिथेच अडकले. कारण साधं होतं. एका चाकात दोन बेअरिंग, एका पोरीची आठ चाकं. आठ पोरी. एवढी बेअरिंग एका जागी, तीही हसत-खिदळत पळणारी, त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून हा माणूस संघाचा झाला. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचं फेकून दिलेलं रबर कापून त्यांनी डझनभर पक केले. चाकांना तर त्यांनी कुणाला हातच लावू दिला नाही.

आणि इथेच घोळ झाला. जिल्ह्याच्या पहिल्या स्पर्धेआधी त्यांनी सगळी बेअरिंग उघडली आणि टर्बाइनवाल्याच्या मायेने त्यात पिवळं ग्रीस गच्च भरलं. "बेअरिंग उपाशी ठेवायचं नाय." झालं! समोरच्या पोरी भिंगरीसारख्या फिरत होत्या आणि आमच्या कसारा घाट चढणाऱ्या बैलगाड्या. बारा गोल खाल्ले. परतताना टेम्पोत गायधनी खाली मान घालून बसले होते. शेवटी म्हणाले, "चूक माझी हाय. वीस वरसं टिकायचं म्हणून भरलं. पण तुम्हाला तर वीस मिनिटंच पळायचं व्हतं." पुढचा अख्खा रविवार त्यांनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुण्यात घालवला. मग प्रत्येकात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. त्यानंतर आमच्या पोरी सुटल्या त्या सुटल्याच.

मला त्या खेळाचा एकाच गोष्टीवरून राग होता. रोज संध्याकाळी ठोक-ठोक! गायधनींना काही सांगायचं झालं की पोरी आधी काठी जमिनीवर दोनदा आपटायच्या. पाणी हवंय, ठोक-ठोक. चाक घासतंय, ठोक-ठोक. "तोंडाला काय झालंय तुमच्या?" मी खिडकीतून ओरडायचो. मनीषा माझ्याकडे बघायची आणि पुन्हा काठी ठोकायची. मला वाटायचं, शिंगं फुटलीत.

वर्षं गेली. मनीषा कॉलेजात गेली, आधी जिल्ह्याकडून खेळली, मग महाराष्ट्राकडून. आणि एक दिवस देवरे सर पेढे घेऊन आले. भारताच्या संघात निवड, मनीषाची आणि कॉलनीतल्या आणखी तिघींची. कोरियात आंतरराष्ट्रीय स्पर्धा. आमच्या घराण्यात परदेशी गेलेलं कुणी नाही. माझा मोठा प्रवास म्हणजे घोटीला भाताच्या हंगामात मावशीकडे. मी पेढा हातात धरून उभाच राहिलो, खायचं सुचेना.

सरांनी आणखी एक बातमी आणली होती. संघाबरोबर चाकांकडे बघणारा एक माणूस नेता येणार होता, आणि वरच्यांनी गायधनींचं नाव मान्य केलं होतं. पोरी तर नाचल्याच. मनीषाने त्यांना शब्द दिला, "काका, एक तरी मॅच जिंकून दाखवते. तुमच्या डोळ्यांसमोर." आपला संघ तिथे लिंबूटिंबू, आजवर अशा स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता, असं सरच म्हणाले होते.

आणि गायधनी नाही म्हणाले! कारण काय, तर "पासपोर्टचा फोटो माझा बरा येत नाय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, विमानाचं बेअरिंग मी तपासलेलं नाय. तिसऱ्या दिवशी सायखेड्याच्या चुलत्याचं काहीतरी. माझं टाळकं सरकलं. पोरीचा चेहरा उतरलेला मला बघवेना.

मी तरातरा त्यांच्या मागच्या अंगणात गेलो. ते पाठमोरे बसून रॉकेलमध्ये बेअरिंग धूत होते. मी सुरूच झालो. "गायधनी, तुम्ही घाबरट आहात! आठ वर्षं पोरींना लळा लावलात आणि वेळ आली तेव्हा पाठ दाखवताय. तुम्हाला माणसं नकोतच, लोखंड तेवढं हवं!" ते धूतच राहिले. वर काहीतरी गुणगुणत होते. पालथ्या घड्यावर पाणी! मी आवाज चढवला आणि जे बोलू नये ते बोललो. "स्वतःचं पोर असतं ना, तर असं वागला नसतात!"

गुणगुणणं थांबलं नाही.

तेवढ्यात मागून मनीषा धावत आली. माझ्याकडे तिने असं पाहिलं की मला अजून आठवतं. तिने काठी फरशीवर दोनदा ठोकली. गायधनी वळले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, थेटे सायेब! कधी आलात? बसा ना, च्या टाकतो."

मी चहा न घेताच मागे फिरलो.

घरी आल्यावर मनीषाने सांगितलं. टर्बाइनच्या त्या गर्जनेत तीस वर्षं काढून काकांचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ते समजून घ्यायचे. बाकी हाडातून आणि तळपायातून जेवढं पोहोचेल तेवढं. "कुणाला कळलं तर टर्बाइनवरून उचलून टेबलाशी बसवतील, ही धास्ती आहे त्यांना. आणि तिकडे विमानतळावर कुणी काही विचारलं, कळलं नाही, आमच्यासमोर फजिती झाली तर? म्हणून नाही म्हणतायत."

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या महिन्यापासून. आम्हा सगळ्यांना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, बाबा, आम्ही त्यांना विचारलं नाही. आम्ही फक्त काठी ठोकतो."

मी कॉटवर बसलो आणि मला रडू आलं. पंधरा वर्षं मी बंद टीव्हीत, न उघडलेल्या दारात तत्त्वज्ञान शोधत होतो, आणि अकरा वर्षांच्या पोरींना एका महिन्यात कळलं. देवाने माझे ते शब्द त्यांच्या कानापर्यंत जाऊ दिले नाहीत, याबद्दल मी आजही हात जोडतो.

पोरी त्यांच्याविनाच गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी गायधनींनी सगळी चाकं लावून दिली, प्रत्येक बुटाला चिठ्ठी बांधली: 'रोज पुसणे. थेंब एकच. ग्रीस नाही म्हणजे नाही.' कॉलनीच्या फाटकाशी गाडी वळेपर्यंत हात हलवत उभे होते. मग मला म्हणाले, "घर लय मोठं वाटायला लागलं आता." त्यांची खोली दहा बाय बाराची होती.

पहिला सामना अकरा–शून्य हरलो. दुसरा सात–एक. दोन्ही वेळा गायधनी दारात आले, माझा चेहरा वाचला आणि परत गेले.

रविवारी दुपारी शेवटचा सामना होता. त्या दिवशी ते आत येऊन फोनशेजारी स्टुलावर बसले, टेबलावर पंजा पसरून. फोन वाजून टेबल थरथरलं तेव्हा मी उठायच्या आधी तेच ताडकन उभे राहिले.

"बाबा, चार–तीन! शेवटचा गोल माझा!" मनीषा ओरडत होती, मागे सगळ्या किंचाळत होत्या. "काका आहेत ना तिथे? तुम्ही काही सांगू नका. रिसीव्हर त्यांना द्या. मी काठी ठोकते आणि मग चाकं फिरवते, एकेक."

मी रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. गायधनी त्याच्याकडे बघत राहिले. मग सावकाश खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक रिसीव्हरवर टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी एक बोट उभं केलं. मग दुसरं. तिसऱ्याला कपाळावर आठी पडली. चौथ्याला मान डोलली. फोन कटला तरी ते तसेच उभे होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं.

त्यांना खरंच काही ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. मी पाय जमिनीवर दोनदा आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी डोळे उघडले, माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना समजलं की मला समजलंय.

मी सावकाश, ओठ नीट हलवत म्हणालो, "गायधनी, पोरी जिंकल्या."

"ते कळलं," ते म्हणाले. "हरलेली पोर एवढा वेळ चाक फिरवत बसत नाय. पण तिसऱ्याला थेंब कमी पडलाय, आली की सांगतो तिला." स्क्रूड्रायव्हर पुसून त्यांनी खिशात ठेवला. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"थेटे सायेब, तो पासपोर्टचा फोटो कुठं काढतात हो? तुम्ही याल का बरोबर?"