कासवाची सवत

या रविवारी त्या कासवाची सद्दी संपवायचीच, असं क्षितिजने दाढी करता करता आरशाला ठणकावून सांगितलं!

कासव म्हणजे कहकशां, आभाची मैत्रीण. रविवारी दुपारी दिग्रसला पियूषच्या घरी चौघांचा फाशांचा खेळ रंगायचा. पियूष गोष्ट रचायचा, बाकीचे त्यातली सोंगं घ्यायचे. क्षितिज दरवेळी शूर सरदार, त्याची बायको आभा वैद्यबाई, आणि कहकशां बोलणारं कासव!

सरदाराने राक्षस उभा चिरला तरी आभा जांभई द्यायची. कासवाने नुसतं विचारलं, "माणसं रोज भांडे घासतात अन् रोज खरकटे करतात, कायले?" की हिची हसून मुरकुंडी! वर घरी येऊन ऐकवायची, "कासवानं मले विचारलं, थकली का वं? तुम्ही कधी विचारलं?"

क्षितिजचा नुसता जळफळाट व्हायचा. परपुरुषावर जळणं समजू शकतं, पण कासव!

माणसाला कोणी विचारत नाही ना? ठीक! त्याने सरदाराला रजा दिली आणि गुपचूप नवं सोंग घडवलं: अर्धा माणूस, अर्धा रोही, म्हणजे नीलगाय. उंचापुरा, निळसर, पाणीदार डोळ्यांचा. जन्म शहरात गेलेल्या क्षितिजने रोही पाहिला होता तो यवतमाळच्या एसटीतून, आणि एसटीतून रोही फार देखणा दिसतो. आभा मात्र बोरी अरबच्या शेतकऱ्याची लेक होती.

"मी रोही!" रविवारी तो मान उंचावून म्हणाला. "भूक लागून राह्यली. समोरच्या हरभऱ्यात शिरतो."

आभाने चिवड्याची थाळी कागदावर उपडी केली आणि चमचा उचलला.

ठण् ठण् ठण्!

"हाड! हाड! बाबाचा अख्खा हरभरा यायनंच खाल्ला!"

"अवं, मी हावो!"

"तुम्ही असान नाहीतर कोणी! एक आला का मागून कळप येते!"

"फासा टाक," पियूष म्हणाला. क्षितिजने टाकला. पडला एक! रोही काटेरी कुंपणात अडकला.

"आभा, तू वैद्यबाई ना? औषध लाव!" क्षितिज कळवळला.

"पह्यले वावराच्या भायेर निघा!"

कासवाने मधे दोनतीनदा तोंड उघडलं, पण आभाने त्याला गप्प बसवलं. मग खेळ संपेपर्यंत तिने नवऱ्यावरची नजर काढली नाही. लग्नानंतर प्रथमच! हातात मात्र थाळी होती, कारण रोही बांधावर उभा असला की राखण करणाऱ्याने दुसरीकडे पाहायचं नसतं.