तात्यांचा शेकहँड

आमच्या उंब्रजमध्ये शामराव तात्यांशी कुणी शेकहँड करत नाही. तात्या समोरून आले की भलीभली माणसं हात खिशात घालतात. ज्यांना खिसा नसतो ते लांबूनच रामराम ठोकतात.

तात्या फौजेत बंदुका दुरुस्त करायचे. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. दिसेल त्याचा हात धरायचा, डोळे मिटायचे, दाबून बघायचं. "डोळं मिटल्याबिगर हात कळत न्हाई." मग निकाल. "तुला पिस्तूल न्हाई झेपायचं गड्या. वरची स्लाईड मागं वडायला मनगाट लागतं. तू आपलं रिवाल्वर घे." अहो, माझं स्पेअर पार्टचं दुकान! मी रिव्हॉल्वर घेऊन काय गिऱ्हाइकांना ओवाळू?

इथवर गंमत होती. पण एकदा त्यांनी बाबूअण्णा पैलवानाचा हात धरला, तो सोडेचनात. मग हळूच म्हणाले, "मूठ गेली रं." अण्णा खदाखदा हसले. पंधरवड्यात गेले. पाठोपाठ गल्लीतला टेलर, तसाच. तेव्हापासून अख्ख्या गावाचे हात खिशात. "मूठ हाय तवर मानूस हाय," असं तात्या येताजाता म्हणतात, आणि भर उन्हात माझ्या अंगावर काटा येतो.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर तात्या म्हणाले, "गाडी काढ. सांगलीला जाऊन लायसनवरचं हत्यार बदलायचंय."

बंदुकांच्या दुकानात त्यांनी त्या दुकानदाराचा पार जीव खाल्ला. पिस्तूल नको, स्लाईड कडक. अगदी छोटं नको, "हलकं हत्यार उडवताना लय लाथ मारतं." मग रिव्हॉल्वर निघाली. तात्या एकेकाचा घोडा मागं ओढायचे, करंगळीनं चाप दाबायचे आणि मान हलवायचे. "आजून मऊ दावा."

"आवं तात्या, तुमची मूठ अजून पकडीसारखी हाय," मी वैतागलो. "मऊ कुणासाठी?"

तात्यांनी सगळ्यात मऊ चापाचं घेतलं आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

खंडेनवमीला त्यांनी मला शस्त्रपूजेला बोलावलं. त्यांच्या घरची रीत अशी, की हत्याराला हळदकुंकू वाहून घरच्या बाईनं रिकामा चाप एकदा ओढायचा. तात्यांच्या बायकोला, सुमनकाकींना, सुनेनं धरून पाटावर बसवलं. बाई आजारानं पार वाळून गेल्या होत्या. तात्यांनी रिव्हॉल्वर उघडून रिकामं असल्याची खात्री केली, घोडा ताणला आणि काकींच्या हातात दिलं.

काकींचं बोट चापावर टेकलं. नुसतं टेकलं. चाप हलेना.

"आवं, हात धरा की," काकी म्हणाल्या. "आजारी पडल्यापासनं तुमी माझा हात धरला न्हाई."

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा धिप्पाड माणूस, पण हात पुढं न्यायचा आणि परत मागं घ्यायचा. शेवटी त्यांनी काकींच्या बोटावर आपलं बोट ठेवलं. खट्.

"वाजलं!" तात्या ओरडले. "सुमन, तूच वडलंस. व्हय का न्हाई रं?"

"व्हय तात्या," मी म्हणालो. "काकींनीच ओढलं."

काकी हसल्या. तात्यांनी तो हात सोडला नाही, आणि डोळेही मिटले नाहीत. टक्क उघडे ठेवून काकींकडे बघत राहिले.