भालेरावकाकांचा संप

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमधले भालेरावकाका हॉटेलात जेवले की स्वतःचं ताट उचलून थेट आत मोरीवर नेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, केवढा हा विनय! पण काका जातात ते भांडी घासणाऱ्यांच्या हातात युनियनचा फॉर्म द्यायला. डोंबिवलीतल्या बऱ्याच मालकांनी आता त्यांना दारातूनच नमस्कार केलाय.

जन्मभर वेटर होते, त्यामुळे मागण्याही मेनूसारख्या एका दमात सांगतात. "आठवड्याची सुट्टी, हजेरीकार्ड, ओव्हरटाइम, पीएफ, साहेब!" शिवाय प्रत्येक गोष्ट त्यांना कागदावर लागते. मी एकदा म्हटलं, काका, रविवारी जेवायला या. तर म्हणाले, "लिहून द्या ताई, तोंडी काय खरं नसतं."

स्टेशनजवळच्या एका हॉटेलात चौघे कामगार होते, सगळे लांबच्या गावचे. काम तिथेच, रात्री टेबलं जोडून झोपही तिथेच. सुट्टी कधीच नाही. काकांनी त्यांना संपावर उभं केलं. चौघे हाताची घडी घालून दारात. पाच मिनिटं झाली नसतील, आतून एक गिऱ्हाईक ओरडलं, "अरे, पाणी आण ना!" चौघेही धावले. सगळ्यांच्या पुढे काका. संप तिथेच आटोपला.

"हाडात भिनलंय हो," काका मला सांगत होते. पुढच्या वेळी त्यांनी संप रस्त्यापलीकडे नेला, हाक ऐकू येणार नाही इतका लांब. मालकाने दुपारपर्यंत स्वतः भांडी घासली आणि मग दर सोमवारची सुट्टी मुकाट्याने लिहून दिली.

पण सुट्टी काढायची कुठे? हॉटेलातच थांबलं तर मालक म्हणणार, बसलाच आहेस तर जरा कांदा काप. म्हणून काकांनी चौघांना आपल्या खोलीवर बोलावलं. मटण केलं, भाषणाची तयारीही केली.

दुपारी मी लोणचं द्यायला गेले, तर काका दारात स्टुलावर बसलेले.

"हळू बोला. जेवले आणि आडवे झाले चौघं."

"आणि भाषण?"

"राहू दे. झोपू दे त्यांना."

"मग तुम्हीपण पडा की थोडं."

काकांनी माझ्या हातातलं लोणचं घेऊन स्टुलाखाली ठेवलं. मग म्हणाले, "माझी बायको मंदा सारखी म्हणायची, एक दिवस तरी दुपारी घरी जेवा. शेवटी आजारी होती तेव्हापण म्हणाली. मी सुट्टी मागितलीच नाही ताई. मालकाला घाबरायचो."

आत कुणीतरी घोरायला लागलं, तसं काकांनी उठून दार हलकेच लोटून घेतलं.