पाठमोरी मेंढी

“डॉक्टर, दातांच्या दवाखान्यावर मेंढीचं ढुंगण कशाला हो?”

पेशंटच्या गालात कापूस होता, तरी बाहेर टेबलावर नंबर लिहीत बसलेल्या मला प्रश्न स्वच्छ ऐकू आला. आत पप्पांच्या ड्रिलचा आवाज तेवढा वाढला.

आमच्या पाटीवरची ती मेंढी म्हाळू पेंटरने काढलेली होती. नारायणगावात फ्लेक्स यायच्या आधी निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात एक मेंढी, पाठमोरी. टोमॅटोच्या आडतीवर मेंढी, मोबाइलच्या दुकानावरही मेंढी. माणसंसुद्धा ते मागूनच काढत. सलूनवाल्याचं त्यात भागलं. पण निवडणुकीला उभ्या असलेल्या एकाने भिंतीवर स्वतःची पाठ बघितली आणि तो भडकला.

“टोपीवरनं वळखू येतंय की, राव!” म्हाळूकाका म्हणाले.

तो पडला. लोक म्हणाले, बाकीचे निवडून आल्यावर पाठ फिरवतात, ह्याने आधीच फिरवली.

पेशंट गेल्यावर पप्पांनी त्यांना बोलावून घेतलं. “निदान तोंड तरी पुढे करा तिचं. दात दिसतील.”

“तोंड मला येत न्हाई, डॉक्टरसाहेब. ल्हानपन सगळं मेंढरांच्या मागं चालण्यात गेलं. त्यांची तोंडं मी कवा बघितली?”

“मग पुसून टाका.”

“पुसतो की.”

पण पुसेनात. एकदा म्हणे हवा दमट आहे, पांढरा धरणार नाही. एकदा शिडी कुणाच्या मांडवाला गेली होती. एकदा नुसतेच येऊन मेंढीला आणखी लोकर काढून गेले.

एका दुपारी दवाखान्याच्या पायरीवर चहा पिता पिता म्हाळूकाका एकदम मला म्हणाले, “तुमी कुनाशी बोलत न्हाई म्याडम, म्हनून तुमाला सांगतो. बाप माझा अजून मेंढरं घेऊन फिरतो. मी मेंढरं सोडली तवापासनं माझ्याशी बोलत न्हाई. दिवाळी झाली की ह्याच रस्त्यानं कोकनाकडं जातो, पन घरी येत न्हाई. वाचता येत न्हाई त्याला. मेंढी दिसली की पाटीखाली थांबतो, बघतो, जातो. लांबनं बघून मला कळतं, बरा हाय.” त्यांनी कप उपडा केला. “औंदा अजून आला न्हाई. तो जाऊ द्या, मग पुसतो.”

मी नुसती मान हलवली.

त्याच आठवड्यात पप्पांनी स्वतःच शिडी आणली आणि धरून उभे राहिले. आता कारण उरलं नव्हतं. म्हाळूकाका पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मुकाट्याने वर चढले.

इतक्यात हायवेवर हॉर्न सुरू झाले. मेंढरांनी रस्ता भरून गेला होता आणि ऐन मधोमध खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा मान वर करून आमची पाटी बघत होता.

“आरं म्हाताऱ्या, दात काढायचेत का तुला?” जीपवाला ओरडला. म्हातारा हलला नाही.

शिडीवर म्हाळूकाकांचा ब्रश हवेतच थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मान तेवढी खाली गेली.

“म्हाळूराव, मारा की ब्रश,” पप्पा म्हणाले.

मी टेबल सोडून बाहेर आले. पेशंट, जीपवाले, सगळे बघत होते.

“पप्पा, थांबा जरा,” मी म्हणाले. “त्यांचे वडील बघतायत.”