उद्यान क्रमांक दोनमधील शिल्पसमूह

सार्वजनिक उद्यान सर्वांच्या मालकीचे असते, आणि जी वस्तू सर्वांच्या मालकीची असते ती कुणी वापरू नये यासाठी एक कर्मचारी नेमावा लागतो. आमच्या नगरपरिषदेने त्या कामी त्रिंबकरावांना नेमले होते. उद्यान पर्यवेक्षक या नात्याने एकवीस वर्षे त्यांनी उद्यान क्रमांक दोन इतक्या निगुतीने सांभाळले, की तिथे फलक सोडून काहीही उगवले नाही. (उद्यान क्रमांक एक अद्याप सापडलेले नाही.)

क्षेत्र पाऊण एकर. बाके चौदा, पैकी देणगीदाराचे नाव असलेली चौदा, बसता येईल अशी पाच. कारंजे एक, ते उद्घाटनाच्या दिवशी दहा मिनिटे उडाले, त्याचा फोटो मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात आहे. सूचना अकरा. त्यातली ‘सूचनाफलकाला टेकू नये’ ही खुद्द त्रिंबकरावांनी सुचवलेली.

अशा या नमुनेदार उद्यानात पुरानंतर सात पालं पडली.

पालांतली माणसे आष्टीकडच्या एका वस्तीवरची. त्यांची घरे पुरात गेली होती, पण पंचनाम्यात ती अंशतःच गेली. कारण प्रत्येक घराची एकेक भिंत उभी होती. उरलेल्या अंशात राहावे, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी तसा प्रयत्नही केला, परंतु घर भिंतीच्या नेमके कोणत्या बाजूला आहे यावर एकमत होईना.

सातव्या पालात रुक्मिणीबाई, मुलगा अभिमन्यू आणि सून दीपमाला. दीपमाला भरल्या दिवसांची. तिचे पहिले मूल उसाच्या फडात, दवाखान्यापासून अठ्ठावीस किलोमीटरवर जन्मले आणि तिथेच राहिले. म्हणून यंदा रुक्मिणीबाईंनी ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून टाकले, की बाळंतपण झाल्याशिवाय कोयता उचलणार नाही. आणि पाल अशा जागी ठोकले, की बसल्या जागेवरून सरकारी दवाखान्याचे फाटक दिसावे. मधे फक्त रस्ता.

याला शहरातून विरोध होणे स्वाभाविक होते. प्रभात आरोग्य मंडळाने एक्केचाळीस सह्यांचे निवेदन दिले. (पैकी प्रत्यक्ष चालणारे नऊ, बाकीचे विचारांनी सोबत.) अध्यक्ष विजयसिंह हे सिमेंटचे व्यापारी असून शहरात मोकळी जागा राहिली पाहिजे असे त्यांचे ठाम मत आहे. मुख्य तक्रार अशी, की ओपन जिमच्या यंत्रांवर लुगडी वाळत घातल्याने यंत्रे वापरात येत आहेत.

सात दिवसांत जागा मोकळी करण्याचा आदेश घेऊन त्रिंबकराव सातव्या पालापुढे उभे राहिले.

“सायेब, सून अवघडलेली हाय,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “पोरगं झालं की आमी आपसूक जातो. ऱ्हायचं कुणाला हितं?”

“किती दिवस लागतील?”

“त्ये तुमीच इचारा त्याला. आमचं कुठं ऐकतंय?”

हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावे ते त्रिंबकरावांना कळेना. ते परत आले तर टेबलावर दुसरे पत्र होते.

तीन वर्षांपूर्वी याच उद्यानात ‘ऊसतोड कामगार सन्मान शिल्पसमूह’ उभा राहिला होता: पुरुष एक (कोयत्यासह), स्त्री एक, वृद्धा एक, बालक एक, कोप (म्हणजे पाचटाची खोपी) एक; सर्व फायबरमध्ये. उभा राहिला होता तो कागदावर. जागेवर चौथरा आणि नामफलक तेवढे आले; बाकीचे ठेकेदाराबरोबर गेले. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही होती त्रिंबकरावांची. आणि पत्रानुसार येत्या गुरुवारी त्याची पाहणी करायला पथक येणार होते.

“सही तुमची आहे,” मुख्याधिकारी म्हणाले. मार्गदर्शन म्हणून त्यांनी एवढेच केले, परंतु ते पुरेसे होते. त्रिंबकराव खिडकीपाशी गेले. समोर उद्यानात पुरुष होता, स्त्री होती, वृद्धा होती, कोपीसारखे पाल होते. शासनाला जे हवे होते ते सगळे जागेवर हजर होते. आणि नगरपरिषद ते सात दिवसांत हटवायला निघाली होती.

“काय करायचं म्हंता?” रुक्मिणीबाईंनी विचारले.

“काहीच करायचं नाही. चौथऱ्यावर बसायचं. तासभर हलायचं नाही.”

“काहीच न करायचं काम आमाला आजवर कुणी दिलं न्हाई. ती तुमच्या हापिसातली कामं.”

“बाळंतपणापर्यंत तुमच्या पालाला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द.”

“सायबाचा का त्रिंबकचा?”

“त्रिंबकचा.”

“मग बसते.”

गुरुवारी अकरा वाजता पथक आले. प्रमुखांच्या हातात फाईल, दुसऱ्यांच्या हातात मोबाईल. तिसरे पथकाची संख्या तीन व्हावी म्हणून आले होते. चौथऱ्यावर अभिमन्यू कोयता उगारून उभा, रुक्मिणीबाई तीन दगडांच्या चुलीपुढे, आणि दीपमाला मोळीला टेकून बसलेली. प्रमुखांनी भोवती एक फेरी मारली, यादीशी ताळा केला आणि म्हणाले, “बालक दिसत नाही.”

“बालकाचं काम प्रगतिपथावर आहे, सर.”

“त्रुटी म्हणून घेतो. पंधरा दिवसांत पूर्तता करा.” त्यांनी वाकून दीपमालेकडे पाहिले. “या बाईच्या चेहऱ्यावर कष्ट फार सुंदर उतरलेत हो! कलाकार कुठला?”

“इथलाच, सर.”

“घामसुद्धा दाखवलाय.”

“रंग ओला आहे, सर. हात लावू नये.”

त्रिंबकरावांनी वाक्य पुरे केले तेव्हा दीपमालेची बोटे मोळीच्या दोरात रुतलेली त्यांना दिसली. रुक्मिणीबाईंनी मान न हलवता डोळे तेवढे त्रिंबकरावांकडे वळवले. एकवीस वर्षांत त्यांनी पुष्कळ स्मरणपत्रे वाचली होती, पण एवढे स्पष्ट एकही नव्हते.

“सर, कारंजं राहिलं बघायचं,” ते म्हणाले आणि पथकाला जवळजवळ ढकलतच उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. कोरड्या कारंज्यापाशी त्यांनी पाऊण तास माहिती दिली. त्यात कारंज्यातल्या पाण्याचा रंग, उंची आणि भावी वाटचाल यांचा समावेश होता.

परत आले तर चौथऱ्यावर एकटा अभिमन्यू.

“दोन आकृत्या कुठं गेल्या?”

“धुवायला नेल्या, सर. समोरच.”

प्रमुखांनी लिहिले: ‘देखभाल नियमित. समाधानकारक.’ ते सही करत असताना पुतळ्याचे ओठ हलले.

“मामा, काय झालं तिकडं? पोरगं का पोरगी?”

“हलू नको बे,” त्रिंबकराव दातांतून म्हणाले. अभिमन्यू हलला नाही. रस्त्यापलीकडे बायको अडलेली असताना तो कोयता उगारून आणखी अर्धा तास उभा राहिला; कारण पथकाला चहा घ्यायचा होता आणि सावली चौथऱ्याशेजारीच होती.

एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. वजन अडीच किलो, आवाज मोठा. मायलेकी सुखरूप. दवाखान्याच्या कागदावर पत्ता लागतो म्हणून रुक्मिणीबाईंनी ‘चौथरा’ सांगितला. पाचव्या दिवशी त्रिंबकरावांनी अहवाल पाठवला: ‘बालक प्राप्त. त्रुटीची पूर्तता मुदतीपूर्वी.’ मुदतीपूर्वी पूर्ण झालेले नगरपरिषदेचे हे पहिलेच काम असल्याने जिल्ह्यातून अभिनंदनाचे पत्र आले.

दरम्यान बाकीची सहा पालं हटवण्यात आली. जेसीबी सकाळी आला, दुपारी जेवायला गेला, तेवढ्यात काम संपले. सातव्याला हात लावता येईना. कारण त्याची नोंद आता ‘कोप एक (फायबर)’ अशी झाली होती.

सव्वा महिना झाला. मुकादमाचा ट्रॅक्टर उद्यानाच्या फाटकाशी येऊन थांबला. रुक्मिणीबाईंनी बोचके बांधले, दीपमालेने लेक छातीशी घेतली, आणि त्याच वेळी त्रिंबकराव कागद घेऊन पळत आले.

“जाता येणार नाही.”

“कावून?”

“तुम्ही आता मालमत्ता नोंदवहीत आहात. सभेच्या ठरावाशिवाय मालमत्ता बाहेर नेता येत नाही. नेली तर चोरी.”

“चोर कोण?”

“तुम्हीच.”

रुक्मिणीबाईंनी बोचके खाली ठेवले. “आमी पाल ठोकलं तवा ऱ्हाऊ देत न्हवता. आता जाऊ देत न्हाई?”

“सभा होईस्तोवर, आजी.”

“कवा हाय सभा?”

“कोरम झाला की.”

“आन् ही पोरगी? ही तर वाढंल की.”

“मोजमाप दुरुस्त करता येतं,” त्रिंबकराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना स्वतःचे मराठी आवडले नाही. ट्रॅक्टर अर्धा तास थांबला आणि मग दुसरी नवरा-बायकोची जोडी घेऊन गेला.

तेव्हापासून शिल्पसमूहाची वेळ सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी पाच ते सात आहे. मधल्या वेळात आकृत्यांना देखभालीसाठी हलण्याची मुभा आहे. त्रिंबकराव रोज पहाटे अर्धा लिटर दूध आणतात. त्याची नोंद ‘रंगकाम साहित्य’ अशी होते. सभा चार वेळा बोलावली गेली. चारही वेळा सदस्य शिल्पसमूहापाशी फोटो काढण्यात अडकल्याने कोरम झाला नाही.

प्रभात आरोग्य मंडळाची तक्रार उरलेली नाही. विजयसिंह रोज फेरी संपवून चौथऱ्याजवळ क्षणभर थांबतात. श्रमाची प्रतिष्ठा आजच्या पिढीला कळली पाहिजे, असे ते बाजूच्यांना सांगतात आणि बाळाच्या अंगावर चुकून पडलेले वाळके पान स्वतःच्या हाताने उचलतात. हाताला बाळाची ऊब लागली, तर ते उन्हाचे कारण सांगतात.

शिल्पसमूहाचा फोटो शहराच्या प्रत्येक गटात फिरला. आपल्यालाही आला असणार. आपण तो मोठा करून पाहिलात, पुढे चौघांना पाठवलात आणि खाली लिहिलेत, ‘अगदी जिवंत वाटतात.’ बाईच्या पायाला चिरा पडलेल्या होत्या, टाचेत रक्त सुकलेले होते. तेवढ्याबद्दल आपण कलाकाराची खास तारीफ केलीत.